सावलीच्या शकलातला खटका

त्या राज्यात नमस्कार करण्याआधी एकमेकांचा वास घेण्याची पद्धत होती.

पूर्वी असं नव्हतं. राज्य म्हणजे एक अवाढव्य फणस. एवढा अवाढव्य, की देठाकडून निघालेलं चिलट टोकाला पोचेपर्यंत म्हातारं व्हायचं. एकदा तो झाडावरून सुटला, खडकावर आपटला आणि त्याची दोन शकलं झाली. एक उन्हात पडलं, एक सावलीत. मधून मुंग्यांची रांग वाहू लागली. उडणाऱ्याला मुंग्या काय करणार? पण भ्यायला निमित्त लागतं. जी चिलटं जिथं होती, तिथलीच झाली. उन्हातला रस लवकर आंबला. सावलीवाले म्हणू लागले, "तिकडचे सगळे झिंगलेले." उन्हातले म्हणत, "आणि तिकडचे मिळमिळीत."

लग्नाची रीत मात्र दोन्हीकडे एकच होती. नवरदेव मुलीभोवती फेर धरी आणि एक पंख पसरून गुणगुणे. सूर पटला तर ती पंख उघडी, नाही पटला तर लाथ झाडी. संपला कारभार.

पुढं सावलीत आवई उठली, की उन्हातले अंग चाटूनपुसून इकडे लग्नं लावायला येतात. पंचांनी कुंदाक्काला नवरदेवाचा सूर ऐकून आपला-परका ओळखणारी पारखीण नेमलं. फणस अख्खा असताना तिचं लग्न झालं होतं. तिच्याएवढा जुना कान कुणाचा? पहिल्याच दिवशी तिनं खरं सांगितलं, "बाबांनो, तिकडचे आणि आपले सारखेच गुणगुणतात. मी ओळखू कसं?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण हळूच म्हणाला, "आक्का, तू कुठल्या बाजूला पडली होतीस गं, फणस फुटला तेव्हा?"

कुंदाक्का चपापली. घरात शेवंती लग्नाची होती. संशयितिणीच्या लेकीभोवती कोण फेर धरणार? तिनं तिथल्या तिथं तोड काढली. आपल्या पोरांनी गुणगुणताना मध्येच एक खटका घ्यायचा. खटका असेल तो आपला, नसेल तो परका.

उन्हातल्यांना हे कळायला कितीसा वेळ! आपल्यात कुणी घुसू नये म्हणून त्यांनी सूर लांबवला. सावलीत ज्याला खटका जमेना तो बिनलग्नाचा मेला. ज्याला जमला त्याचीच पोरं वाढली. चिलटांची पिढी ती केवढी, पंधरवड्याची! बघता बघता पोरं न शिकवता खटका घेऊ लागली. कुंदाक्का मात्र मरायलाच विसरली होती, आणि शेवंती म्हातारी व्हायला.

शेवंतीसाठी भिरू आला. खटका चोख होता, जरा जास्तच चोख, घोकून आल्यासारखा. अंगालाही आंबूस वास. कुंदाक्कानं ओळखलं. पण शेवंतीचे पंख केव्हाच उघडले होते.

"काय आक्का, आपलाच ना?" पंचांनी विचारलं.

"आपलाच," कुंदाक्का म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं घराबाहेर पडणं कमी केलं.

त्या दोघांचा एकच मुलगा जगला, झुंबर. तो वयात आला, एका मुलीभोवती फेर धरून गुणगुणला. लाथ बसली. दुसरीनंही झाडली. तो उन्हात जाऊन आला. तिथल्या लाथा जास्त जोरकस होत्या. त्याच्या सुरात ना खटका होता, ना लांबण.

कुंदाक्का घराबाहेर पडली. तिनं पंचांसमोर जाऊन सांगून टाकलं, "खटक्याची अट मी काढली. आता कुणाशीही लग्न करा." मग शेजारच्या बकुळीला जवळ घेतलं. "आमच्या झुंबरला हो म्हण गं. कुणी काही म्हणणार नाही."

बकुळी बापडी खरंच गोंधळली. "अट नाही हो आक्का, कळलं मला. पण तो गातो कधी? नुसता पंख हलवत बसतो."

त्याच सुमाराला वावटळ सुटली. खडक हलला आणि उन्हातलं शकल घरंगळत येऊन सावलीतल्याला भिडलं. काट्याशी काटा जुळला, गऱ्याशी गरा. मुंग्या पांगल्या. सांधा कुठं होता ते शोधूनही सापडेना.

सगळी चिलटं जमली. इकडची इकडे तोंड करून, तिकडची तिकडे. मध्ये झुंबर एकटा बसला. त्यानं पंख पसरला आणि गुणगुणला. सरळ, साधा, कुठंही न अडखळणारा सूर.

कुणी मागं वळून पाहिलं नाही.

गर्दीच्या कडेला कुंदाक्का दचकली. फणस अख्खा असताना, देठाजवळच्या गऱ्यावर, तिच्या नवऱ्यानं हेच गुणगुणलं होतं. अगदी हेच. तिचे म्हातारे, विरलेले पंख तिला न विचारता हळूहळू उघडले.

शेजारच्या दोघी जराशा लांब सरकल्या आणि तिचा वास घेऊ लागल्या.