हरकाऱ्यांच्या घरचा बसका कुत्रा

"दोघं एकाच महिन्यात घरात आले, आणि दोघंही बसकेच निघाले बाई," मावससासूबाई स्वयंपाकघरात सासूबाईंना म्हणाल्या. हे सुनेच्या कानावर पडायचं नव्हतं. पण ती परसातून घागर घेऊन येत होती आणि दार उघडं होतं. दोघांतली एक म्हणजे आपण, हे तिला लगेच कळलं. दुसरा तिच्या पायाशीच पसरून घोरत होता.

ही गोष्ट आहे घड्याळं यायच्या आधीची. घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात हरकाऱ्यांचं एक घर होतं. राजाची पत्रं पायी धावत पोचवायची, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. त्या घरात सगळंच कोसांत मोजलं जाई. कुणी आजारी पडलं तर वैद्य "ताप किती दिवसांचा" असं विचारी आणि सासरे सांगत, "परवा आठ कोस धावून आला, काल सहा, आज उठलाच नाही." मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी आधी तिचं चालणं पाहिलं होतं. सुनेचं नशीब की त्या दिवशी ती घाबरून भराभर चालली.

तिचं माहेर मात्र बसणाऱ्यांचं. तिचे वडील देवळात घटका मोजत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडायची. वाटीच्या तळाला सुईएवढं भोक. पाणी आत शिरत शिरत वाटी बुडली की एक घटका झाली, म्हणजे आजची चोवीस मिनिटं. मग टोल द्यायचा आणि वाटी पुन्हा सोडायची. लहानपणापासून ती वडिलांशेजारी बसून वाटीकडे बघत आली होती. गप्प बसून बघत राहणं हेही एक काम असतं, हे सासरी कुणाला पटण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने ते कधी सांगितलंही नाही.

दुसरा बसका म्हणजे ढब्बू. सासऱ्यांनी एका पुरात समुद्रापारच्या व्यापाऱ्याचं पत्र जिवावर उदार होऊन पोचवलं, तेव्हा त्याने खूश होऊन हा कुत्रा दिला. आखूड पाय, रुंद छाती, चपटं नाक, आणि चेहऱ्यावर कुणीतरी नुकतंच रागावल्यासारख्या घड्या. गावातली कुत्री त्याला हुंगून गेली आणि परत आली नाहीत.

पहिल्याच सकाळी सासरे त्याला आपल्याबरोबर धावायला घेऊन गेले. दीड कोसावर ढब्बू आडवा झाला. जीभ जांभळी पडलेली, डोळे पांढरे. धाकट्या दिराने त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं आणि अंगणात ठेवत म्हणाला, "बाबा, व्यापाऱ्याने कुत्रा म्हणून लोड दिलाय." सगळे हसले. सासरे हसले नाहीत. हरकाऱ्याच्या घरात न धावणारं जनावर, म्हणजे त्यांना ती शरमेचीच गोष्ट वाटली. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याकडे बघणं सोडलं.

मग सासूबाईंना त्याची दया आली. त्यांनी त्याला ओसरीवर गोधडी घातली आणि नाही ना धावत, मग निजू दे, म्हणून दोन वेळा तूप-पोळी चालू केली. दोन महिन्यांत ढब्बूची कंबर नाहीशी झाली. नखं वाढून फरशीवर टकटक वाजू लागली. ओसरीची एक पायरी चढायची तर तो खाली उभा राहून आधी तिच्याकडे बघत राही, आणि चढल्यावर बराच वेळ धापा टाकी.

सून हे सगळं बघत होती. माणसं त्याला एक तर दीड कोस पळवत होती, नाही तर पाऊलही टाकू देत नव्हती. मधलं काही असतं, हे या घराला ठाऊकच नव्हतं.

एका पहाटे सगळे धावायला गेल्यावर तिने माहेराहून आणलेली वाटी काढली. मागच्या दारी घंगाळात सोडली, ढब्बूच्या गळ्यात नाडा बांधला आणि त्याच्या चालीने निघाली. तो थांबला की थांबायची. त्याला एखाद्या खांबाबद्दल सगळं जाणून घ्यायचं असेल तर घेऊ द्यायची. पहिल्या दिवशी दोघं वळणापर्यंत जाऊन परत आली तेव्हा वाटी निम्मीसुद्धा भरली नव्हती.

तिने त्याचा श्वास ऐकायला सुरुवात केली. साधा असला की घरघरे, मांजराच्या पोटात वाजतं तसा. दमला की करवतीसारखा वाजायचा. करवत ऐकू यायच्या आधी परत फिरायचं, एवढाच तिचा नियम. महिनाभरात त्याचं प्रमाण ठरलं. सकाळी भिंतीवर ऊन यायच्या आत एक घटका, आणि संध्याकाळी अर्धी. संध्याकाळी निघायच्या आधी ती हाताची पालथी बाजू वाटेवरच्या दगडाला लावून बघे. चटका बसला तर जायचंच नाही. सासूबाईंच्या तुपाला ती काही बोलली नाही, फक्त ढब्बूच्या पोळीतली अर्धी हळूच गाईला जाऊ लागली.

श्रावण संपता संपता ढब्बूला कंबर आली. नखं झिजली. एक दिवस तो ओसरीची पायरी न बघताच चढून गेला, आणि नेमकं तेव्हाच सासरे पायात वहाणा घालत बसले होते.

त्यांचा चेहरा उजळला. ते उठून ढब्बूची छाती चाचपू लागले. "दम आहे याच्यात," ते म्हणाले. "दसऱ्याच्या फेरीला हा येणार."

त्या घराची रीत अशी होती की जो या घरचं अन्न खातो, त्याने दसऱ्याला फेरी करायची. खिंडीतल्या दीपमाळेला हात लावून परत यायचं, जाऊन-येऊन दोन कोस. पुरुष धावत, बायका भराभर चालत, मावससासूबाईसुद्धा गुडघे बांधून जात. जो फेरी करी तो घरचा. इतक्या वर्षांत कुणी चुकला नव्हता.

सुनेनेच त्याला पायरी चढण्याजोगा केला होता, आणि आता त्याच पायरीवरून त्याला खिंडीत नेणार होते. रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, वाटीचं आणि करवतीचंही. तो भला माणूस होता. त्याने नीट ऐकून घेतलं.

"तू बाबांना सांग," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा ना."

"मी कसा सांगू? त्यांना आजवर या घरात कुणी थांबा म्हटलेलं नाही."

रोज सकाळी ती ठरवी की आज सांगू, आणि रोज सासरे ढब्बूच्या पाठीवर थाप मारून इतके खूश होऊन निघत की ती ते उद्यावर ढकली. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात तिलाही वाटे, असेल कदाचित दम. फेरी झाली की बसके म्हणायचं तरी बंद होईल.

दसऱ्याला पूजेला उशीर झाला. निघाले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. ढब्बूच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि नाडा दिराच्या हातात. सून उंबऱ्यात उभी होती. तिने वाकून अंगणातल्या फरशीला हाताची पालथी बाजू लावली आणि लगेच उचलली. सासरे तिच्याकडेच बघत होते. "काय सूनबाई, निघायचं ना?" त्यांनी विचारलं. तिने हो म्हणून मान हलवली.

अर्ध्या कोसाच्या आतच करवत सुरू झाली. मागून येणाऱ्या सुनेला ती हरकाऱ्यांच्या काठ्यांना बांधलेल्या घुंगरांच्या आवाजातूनही ऐकू आली. दिराला वाटलं, कुत्रा आळस करतोय. त्याने नाडा ओढला. ढब्बूने चार पावलं टाकली, आणि माळेसकट रस्त्यावर पडला.

सून धावली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती खरोखर धावली. तिने त्याला बाभळीच्या विरळ सावलीत ओढलं, माळ तोडली, पदर रस्त्याकडेच्या ओढ्यात भिजवून त्याच्या पोटाला आणि पंजांना लावला, पुन्हा भिजवला, पुन्हा लावला. ढब्बूचे डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते. फेरी अर्धवट सोडून सगळं घर भोवती उभं राहिलं. सासरे खाली बसले आणि त्यांनी त्याच्या छातीला कान लावला. बराच वेळ ते तसेच राहिले. वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा म्हातारा दिसत होता.

"पुराच्या दिवशी माझं काळीज असं वाजत होतं," ते हळू म्हणाले. "आता मरतो, असं वाटलं होतं मला."

त्या वर्षी दीपमाळेला कुणीच हात लावला नाही. ढब्बूला चादरीच्या झोळीतून घरी आणलं. आठ दिवस तो उठला नाही. सासूबाई त्याला चमच्याने पेज पाजत, मावससासूबाई माश्या वारत, आणि दीर रोज सकाळी धावायला जायच्या आधी त्याच्याजवळ बसून जाई. नवव्या दिवशी ढब्बू उभा राहिला, दारापर्यंत गेला, आणि तिथेच बसला. त्याचं मागचं अंग पूर्वीसारखं कधीच झालं नाही.

त्या नवव्या दिवशीच संध्याकाळी सगळे ओसरीवर असताना सासऱ्यांनी सुनेला बोलावलं. तिच्या वाटीची हकीकत आता मुलाने त्यांना सांगितली होती. ते ढब्बूकडे बघत म्हणाले, "आम्हाला कोस कळतात, पोरी. तू सांग, याला रोज किती चालवायचं?"

गोष्ट सांगणारे पुढे आपलं वेगळं तात्पर्य जोडत नाहीत. सून तेव्हा जे मोठ्याने बोलली, तेच सांगतात:

"मामंजी, आधी तो सकाळी एक घटका चालायचा आणि संध्याकाळी अर्धी. आता त्याच्या निम्मंच. तेही ऊन नसताना, आणि श्वास वाजायला लागायच्या आत परत. थोडंच चालतो म्हणून त्याला बसवून ठेवायचं नाही, आणि बरा दिसतो म्हणून वाढवायचंही नाही. आपल्याला किती जमतं त्यावरून त्याचं ठरवू नका. आणि हे मला दसऱ्याच्या सकाळी माहीत होतं. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी नुसती मान हलवली. त्याला ओढलं भाऊजींनी, पण थांबवणं माझ्या हातात होतं."