पारबतेची वाडी

वैनगंगेवर अजून कुठे पूल झाला नव्हता आणि पलीकडच्या तीराला जायचं तर डोंग्याशिवाय मार्ग नव्हता, इतक्या जुन्या काळातली ही हकीकत. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्यातलं आता कोणी नाही. त्यांनी नातवंडांना सांगितली, त्या नातवंडांनी आपल्या नातवंडांना, आणि अशी ती सावरघाटात राहिली.

सावरघाट हे नदीकाठचं ढिवरांचं, मासेमारांचं गाव. पावसाळ्यात मासे, हिवाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत धानकापणी, आणि शिमग्याच्या सुमारास वाळू. नदी आटून एका अंगाला सरली की मधे वाळूचं मोठं रान उघडं पडायचं. त्या वाळूत ओल लागेपर्यंत खड्डे करायचे, शेणखत भरायचं आणि डांगर लावायचं. डांगर म्हणजे आपलं खरबूज. सोबत काकडी, कोहळं, टरबूज. प्रत्येक घराची वाडी वेगळी. चैत-वैशाखात गाव तगायचं ते या वाड्यांवर.

एका वर्षी गावात तापाची साथ आली. दिवाळीच्या सुमारास आली आणि माघ सरत आला तरी जाईना. कापायला माणसं उरली नाहीत म्हणून धान उभ्याउभ्या झडलं. घराघरांत खाटा पडल्या. कुठे बाप गेला, कुठे सून गेली. जे वाचले त्यांना अंगणापर्यंत चालवत नव्हतं.

त्या गावात पारबता नावाची बाई होती. नवरा नदीत जाळं ओढायला गेला होता तो नदीने परत दिला नाही. मूलबाळ नव्हतं. बोलायला कमी, चालायला भरभर. साथीत ती रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी पेज नेऊन द्यायची, पण ताप तिच्या दारावरून गेला आणि आत आला नाही. याची तिला सुटल्यासारखी खुशी नव्हती, उलट धास्तीच होती. आपल्याला कशासाठी ठेवलं असेल, असं तिला वाटायचं.

फागुन लागला. काठावरची सावर लाल झाली, पळस पेटला, रानात मोह टपकायला लागला. नदी सरली, वाळू उघडी पडली, आणि त्या वाळूत उतरायला कोणी नव्हतं. पारबता काठावर उभी राहून ते मोकळं रान पाहायची. आता लावलं नाही तर वैशाखात काय खातील, हा एकच प्रश्न तिच्या मागे लागला. शेवटी ती दारोदार हिंडली. तिचं मागणं साधं होतं. या वर्षी घराघरांच्या वाड्या नकोत. गावाची एकच वाडी करू. ज्याच्या अंगात जेवढा जीव आहे त्याने तेवढ्या सकाळी यावं. खणता येत नसेल त्याने खत कालवावं, तेही होत नसेल त्याने बसून पाखरं हाकावीत. आणि फळ धरलं की ते साऱ्या घरांत जाईल, आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्याही.

लोकांनी कुरकुर केली, पण दुसरा इलाज नव्हता. एकेका घरातून राखेत ठेवलेलं बी निघालं. पारबतेच्या शेजारची गिरजा तान्ह्या मुलीला घेऊन खाटेवर होती. तिचा नवरा साथीत गेला होता. तिने भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बी ने वहिनी. मी येत नाही म्हनून माह्यं नाव नको विसरू."

पारबतेच्या सासरकडचे एक म्हातारे होते, डोमाजी. पाण्याचा रंग पाहून नदीचं मन सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती. ते म्हणाले, "साऱ्या गावचं बी एका जागी नको टाकू, पारबते. काही घरात राहू दे."

"मामाजी, जागोजागी राखन करायले मानसं कुठून आनू?"

तरी डोमाजींच्या सांगण्यावरून तिने अर्धं बी मागे ठेवलं आणि अर्धंच लावलं.

सकाळी सकाळी लोक वाळूत उतरू लागले. कोणी काठी टेकत यायचा, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. खड्डे झाले, तुराट्यांचे आडोसे उभे राहिले, घागरी घागरींनी पाणी पडलं. कोंब वर आले. आणि शिमग्याच्या राखेला आठवडाही झाला नसेल तोच अशी झळ सुटली की कोवळी पानं करपून काळी पडली. सगळी वाडी गेली.

पारबता त्या दिवशी जेवली नाही. मागे राहिलेलं बी तिने पदरात घेतलं, परत ठेवलं, परत घेतलं. लावावं तर हेही जाईल. ठेवावं तर ठेवून खायचं काय? शेवटी तिने ते सगळं लावलं. आता गावात कोणाच्या घरी एक दाणाही बी उरलं नव्हतं. ही वाडी गेली तर यंदाचं अन्न तर जाईलच, पण पुढच्या वर्षी लावायलाही काही राहणार नाही, हे तिला ठाऊक होतं आणि बाकीच्यांनाही. त्यानंतर तिला नीट झोप म्हणून लागलीच नाही, असं म्हणतात. उठताबसता ती नदीच्या वरच्या अंगाला आभाळ पाहायची. ढगाचं एक बोट दिसलं तरी ती वाळूकडे धाव घ्यायची.

या वेळी वेल धरले. पिवळी फुलं आली, फुलांच्या बुडाशी बोराएवढी डांगरं दिसू लागली. आता लोकांच्या तोंडावर हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. फळ दिसलं आणि माणसांना काळजी लागली की आपल्याला किती येईल, दुसरा जास्त नेईल का, जो एकदाही आला नाही त्यालाही द्यायचं का. एका सकाळी पारबतेला एका तुराटीला बांधलेलं निळं फडकं दिसलं. तिला वाटलं, पाखरांसाठी असेल. दुसऱ्या दिवशी आणखी दिसली. लाल, पांढरी, लुगड्याच्या काठाची. तिने लटारूला विचारलं. लटारू हा धडधाकट गडी, सगळ्यांत जास्त खड्डे त्यानेच खणले होते. तो खाली पाहून म्हणाला की मी खणले ते मला ओळखू यावेत म्हणून बांधलं, बाकीच्यांनी माझं पाहून बांधलं.

पारबता वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. गिरजेच्या नावाचं फडकं तिला कुठेच दिसलं नाही. खाटेवर पडलेल्या कोणाच्याच नावाचं नव्हतं. ती तिथेच वाळूत बसली. रागावले तर उद्यापासून हेही यायचे नाहीत, आणि गप्प राहिले तर गिरजेचं काय, या दोन्हींच्या मधे ती कितीतरी दिवस तळमळत राहिली.

मग चैतातली ती सकाळ उजाडली. आभाळ राखेच्या रंगाचं होतं, वारा पडला होता, पाखरं गप्प होती. वरच्या अंगाला डोंगरात रात्री विजा चमकल्याचं काहींनी पाहिलं होतं. डोमाजी काठावर आले, वाकून त्यांनी पाण्यात हात घातला आणि तो हात तसाच पारबतेला दाखवला. तळहातावर गढूळ पाणी होतं आणि त्यात मोहाची फुलं. गावाजवळचा मोह केव्हाच संपला होता. ही फुलं वरच्या रानातली होती.

"पानी येऊन राह्यलं," डोमाजी म्हणाले. "दुपारच्या आत येते."

बातमी गावभर गेली. चालू शकणारं प्रत्येक माणूस वाळूकडे धावलं. पारबतेला क्षणभर बरं वाटलं, पण क्षणभरच. कारण जो तो आपापल्या फडक्याकडे धावला होता. लटारू आपल्या खड्ड्यांभोवती वाळूचा गोल उभा करत होता. त्याच्या शेजारी दुसरा आपला गोल करत होता, आणि त्यासाठी लटारूच्या गोलाची वाळू ओढत होता. दोघांची हमरीतुमरी सुरू झाली. असे ठिकठिकाणी इवले इवले बांध, जे पहिल्याच लाटेत विरघळले असते. वरच्या तोंडाला, जिथून पाणी आत घुसणार होतं, तिथे कोणीच नव्हतं.

पारबतेने ओरडून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. तेव्हा ती पहिल्या तुराटीपाशी गेली आणि तिने फडकं सोडलं. मग दुसरं. मग ती धावतच सुटली. गाठ सुटेल ती सोडत, न सुटेल ती दातांनी तोडत तिने वाडीतली सगळी फडकी ओच्यात गोळा केली, आडोशाच्या तुराट्या उपटून इकडच्या तिकडे फेकल्या. लोक तिच्यावर धावून गेले. लटारूने तिचा हात धरला. ओच्यातला गोळा तिने नदीच्या धारेत भिरकावला आणि म्हणाली, "आता सांगा, कोनता वेल कोनाचा?"

सगळे वेलांकडे पाहत राहिले. वेल एकमेकांत गेलेले होते. कोणालाही सांगता येईना. तेवढ्यात वरून, अजून लांबून, घरघर ऐकू आली, खूप जाती एकदम फिरावीत तशी. लटारूने पारबतेचा हात सोडला, फावडं उचललं आणि तो वरच्या तोंडाकडे पळाला. त्याच्या मागे बाकीचे पळाले.

सगळ्यांनी मिळून एकच बांध घातला. वाळू, पळसाच्या फांद्या, घरांची बांबूची ताटवं, मोडक्या खाटा, जे मिळालं ते. ज्यांना उभं राहवत नव्हतं ते बसून हातांनी वाळू पुढे लोटत होते. गिरजाही आली होती. मुलीला पाठीशी बांधून ती रांगत रांगत वाळू लोटत होती, असं म्हणतात. पाणी आलं आणि बांधाला भिडलं. बांध थरथरला पण राहिला. मात्र मधोमध एके ठिकाणी वाळू खचायला लागली. तिथे टाकायला काही उरलं नव्हतं.

पारबता तिथे गेली आणि त्या खिंडारात उभी राहिली. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. भीतीने तिचे दात वाजत होते. ती शूर होती असं सावरघाटात कोणी सांगत नाही. ती इतकी घाबरली होती की तिचा आवाज चिरकला होता, असंच सांगतात. ती नदीशी बोलली. ते बोलणं जवळच्यांनी ऐकलं आणि ते आजवर शब्दाला शब्द राखलं आहे.

"माय, माह्या घरातला तू नेला, मी तुले काही म्हटलं नाही. ही वाडी माही असती तर नेली असती तरी म्हटलं नसतं. पन ही माही नाही. खाटेवर पडून आहेत त्यांची आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी देऊ कशी?"

आणि नदी थांबली. थांबली म्हणजे उलटली नाही की आटली नाही. पारबतेच्या अंगापाशी पाणी आलं आणि डोक्यावर भांग पाडावा तसं दुभंगलं. एक धार उजवीकडे गेली, एक डावीकडे. मधे वाडी राहिली, पिवळ्या फुलांसकट, आणि दोन्ही बाजूंनी झाडं, ताटवं, मेलेली जनावरं वाहत जात होती. ऊन कलायला लागलं तेव्हा पाणी उतरलं. पारबता तेव्हाही तशीच उभी होती. तिच्या मांड्यांपर्यंत वाळू चढली होती. लोकांनी तिला हातांनी खणून काढलं. लटारूने तिला पाठीवर घेऊन गिरजेच्या खाटेवर नेऊन निजवलं.

त्या वर्षी एवढी डांगरं आली की वेचताना लोकांच्या कमरा भरून आल्या. ज्या जागी पारबता उभी होती तिथे कोणी बी लावलेलं नव्हतं, तरी तिथे वेल उगवला आणि त्याची फळं सगळ्यांत गोड निघाली, असं म्हणतात. गिरजा उठून हिंडू लागली. गावाला पुढच्या वर्षाचं बी मिळालं.

पारबतेची काळजी मात्र कधी गेली नाही. ती पुष्कळ वर्षं जगली. दर चैतात ढग दिसला की हातातलं काम टाकून ती वाडीच्या वरच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. लोक म्हणायचे, आता बस, काही येत नाही. ती मान हलवायची आणि उभीच राहायची. म्हातारपणी एका ढगाळ सकाळी ती तशीच गेली आणि परत आली नाही. पाणी त्या दिवशी आलंच नव्हतं. वाळूत जाताना उमटलेली पावलं होती, येतानाची नव्हती.

सावरघाटात अजूनही शिमग्यानंतर सारं गाव एक सकाळ वाळूत उतरतं आणि एक सामाईक वाडी लावतं. बाकीच्या वाड्या ज्याच्या त्याच्या, पण ही पारबतेची. तिचं पहिलं डांगर ज्या घरात कोणी आजारी असेल त्या घरी जातं. आता वर कुठेतरी धरण आहे, पाणी सोडायचं असलं तर आधी दवंडी येते, तरीही चैतात आभाळ भरून आलं की माणसं काठावर जमतात. वरच्या अंगाला पाहत राहतात. मग कोणी तरी म्हातारी विचारते, "पारबता उभी आहे का?"

आणि वाळूकडे तोंड करून उभा असलेला जो कोणी असेल तो सांगतो, "आहे माय. उभी आहे."

तेवढं ऐकलं की सगळे घराकडे वळतात.