काहीच घडत नाही तो तुकडा

“पण सर, ज्यात काहीच घडत नाही तो तुकडा ठेवायचा कशाला?”

असं म्हणून धैर्यशीलने लॅपटॉपवरची फिल्म मध्येच थांबवली.

समोर खुर्चीत मेस्त्रीसर बसले होते. त्यांनी उभी हयात ॲनिमेशनची चित्रं काढण्यात घालवली होती. कागदावर, हाताने, एकामागून एक. आता ते कोल्हापुरातल्या घरीच असायचे आणि शिकायची हौस असलेली कॉलेजातली पोरं त्यांच्याकडे येऊन बसायची. कौतुकाच्या बाबतीत माणूस महाकंजूष. एखादं काम फारच आवडलं तर ‘हं’ म्हणायचे, आणि तेवढ्यावर पोरं महिनाभर हवेत असायची.

धैर्यशीलला आज तो ‘हं’ हवा होता. ही त्याची पहिली फिल्म. सगळी चित्रं त्याने स्वतः काढलेली. संध्याकाळपर्यंत ती महोत्सवाला पाठवायची होती आणि त्याआधी सरांनी ती बघायला हवी होती.

फिल्म एका पैलवानाची. ऐन उमेदीत तो मैदान मारतो, मग म्हातारा होतो आणि शेवटी एकदा ओस पडलेल्या तालमीत येऊन मातीच्या हौद्याच्या कठड्यावर बसतो.

बसतो आणि बसूनच राहतो. तोच हा तुकडा.

“कुस्ती बघितली नव्हं, सर? धोबीपछाड? कॉलेजात दाखवली तर पोरांनी शिट्ट्या मारून हॉल डोक्यावर घेतला.”

“बघितली.”

बघितली होती, पण कशी! पडद्यावर हलगी कडाडत होती, माती उडत होती आणि सर आपले भुईमुगाच्या शेंगा सोलून तोंडात टाकत होते. एक दाणा खवट निघाला, त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसलं. म्हातारा कठड्यावर बसला तेव्हा मात्र त्यांचा हात शेंगांवरून निघाला आणि मांडीवर येऊन थांबला. आता हे कंटाळले, असं धैर्यशीलने धरलं. हुशार पोरांना असले अंदाज फार लवकर येतात.

“या तुकड्याला काय झालं कॉलेजात?” सरांनी विचारलं.

“कोणतरी ओरडलं, लॅपटॉप हँग झाला काय रे! सगळा हॉल हसला.”

“मग?”

“मग काय... कापून टाकतो. म्हातारा आला, टेकला, फिल्म संपली. टाळ्या.”

सर थांबलेल्या चित्राकडे बघत राहिले.

“म्हातारा काय करायलाय तिथं?”

“काय नाही, सर. बसलाय.”

“मग एक चित्र काढून तेच ठेवायचं होतंस. कामच मिटलं असतं.”

“ठेवलं होतं की, आधी.” धैर्यशील जरा घुटमळला. “पण भिंतीवर हार घालून लावलेल्या फोटोसारखा दिसायला लागला.”

“मग?”

“मग परत काढला. तोच म्हातारा, त्याच जागी. खांदा केसभर वर. परत काढला, केसभर खाली. मग परत... सगळी दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. आई म्हणायची, अरे, कालचंच चित्र आज काढायलायस, डोकं ठिकाणावर हाय का?”

सर हसले नाहीत.

“जास्त वेळ कशाला लागला? कुस्तीला का बसण्याला?”

“...बसण्याला.”

“कुस्तीत दोघं हलतात. हा तर जागचा हलत नाही. मग वेळ कशाला लागला?”

“हलू नये म्हणूनच लागला, सर. हलायचा नव्हता, पण जिता दिसायला पायजे होता.”

बोलून गेला आणि स्वतःच थांबलेल्या चित्राकडे बघायला लागला.

“कुणाला दिसलं हे?”

“कुणालाच नाही.”

“तुला?”

बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा फटफटत गेली. धैर्यशीलने मान वर केली आणि पहिल्यांदाच आडपडदा न ठेवता बोलला.

“मला दिसतंय. खोटं कशाला बोलू सर, मला त्याचा लई अभिमान हाय. कुस्ती काय, कोणपण काढंल. पण हे... हे मी केलंय. माझा हात इतका चालंल असं मलाच वाटलं नव्हतं. घरी एकटा असलो की मी तेवढंच लावून बघतो.”

हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते, पण नजर खाली गेली नाही.

“मग कापतोस कशाला?”

“लोक हसले, सर.”

“हं,” सर म्हणाले. हा तो ‘हं’ नव्हता.

धैर्यशील वाट बघत राहिला. सर ठेव म्हणाले असते तर त्याने ठेवला असता, काप म्हणाले असते तर तिथल्या तिथे कापला असता. सर दोन्ही म्हणाले नाहीत.

“फिल्म तुझी हाय, बाबा. जायच्या आधी एकदा लाव.”

“सुरुवातीपासनं?”

“नको. येऊन बसतो तिथनं.”

धैर्यशीलने लावलं. म्हातारा रिकाम्या तालमीत आला. गुडघ्यावर हात देऊन, जरा वाकून, कठड्यावर टेकला. हलगी केव्हाच थांबली होती. खांदा केसभर वर गेला. केसभर खाली आला.

सर खुर्चीत पुढे सरकले. चष्मा नीट केला. हात जवळ घेऊन, अंग चोरून बसले, समोर कुणी मोठं माणूस आल्यावर बसावं तसे.

धैर्यशील आता फिल्म बघतच नव्हता. तो सरांचा चेहरा बघत होता. आता म्हणतील, पुरे. आता म्हणतील, अजून किती वेळ... पण सर बघतच होते. हा माणूस आपली फिल्म बघतोय, हे त्याला एकदम लख्ख कळलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सरांच्या पत्नी, काकू, चहाचा ट्रे घेऊन आल्या. कपबशा खणखणल्या. दाराला ट्रे आपटला आणि काकूंनी तिथूनच आवाज दिला, “अहो, चहा घ्या की! निवला तर परत कोण करणार?”

सरांनी मागे वळून बघितलं नाही. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी फक्त हात वर केला.

“हळू गं...” ते कुजबुजले, “पैलवान बसल्यात.”