डेहणकरांच्या जिभेवरची मुंगी

“आणि साप?” गुरुजींनी विचारलं.

“साप दोनदा,” डेहणकर म्हणाले. “एकदा तळलेला, एकदा रश्श्यात. विंचू तर तिकडे काडीला टोचूनच देतात. आपल्याकडे भाजलेलं कणीस द्यावं तसा.”

गुरुजींनी नुसती मान हलवली. पुढचं कुणी विचारलं नव्हतं, तरी डेहणकर सांगत सुटले. मगर, शहामृग, बेडकाची तंगडी, रेशमाचे किडे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं म्हणा ना. सहलीला गेलेले लोक देवळं बघतात, हे तिथला मटणबाजार गाठायचे.

नागपुरातलं हे दुसऱ्या मजल्यावरचं हॉटेलही त्यांनी असंच हुडकून काढलेलं. भाजलेले नाकतोडे, एमूचा खिमा, असलं सगळं तिथे ताटात येई. मालकीण गडचिरोलीकडची, आश्रमशाळेत शिकलेली. हे उसेंडी गुरुजी तिचे तिथले मास्तर. माडिया आदिवासी, पंचाहत्तरी उलटलेले, बोलणं बेताचं. दर रविवारी दुपारी ते कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन बसत, आणि झाडावरची लाल मुंगी तेवढी त्यांच्या हातून मिळे. मुंग्यांची चटणी कुणालाही मिळायची. जिवंत मुंगी मात्र गुरुजींच्या मनात येईल त्यालाच.

डेहणकरांना त्यांनी दोन रविवार परत पाठवलं होतं. रागानं नाही. “चटणी घ्या भाऊ, छान झाली आहे,” एवढंच म्हणून.

आजचा तिसरा रविवार.

“तुम्हाला ती कशाला पाहिजे?” गुरुजींनी विचारलं.

तेवढीच एक राहिली आहे, हे उत्तर डेहणकरांच्या ओठांवर तयार होतं. पण म्हातारा असा शांत बघत होता की...

“खरं सांगू?” ते म्हणाले. “पहिल्यांदा खेकडा खाल्ला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा चालत नसे. मामाच्या शेतावर, ओढ्याच्या काठी गड्यांबरोबर चोरून खाल्ला. जग केवढं आहे, असं वाटलं होतं तेव्हा.”

“आणि आता?”

“आता... मगर तोंडात असते आणि मी खिडकीतून गाड्या कशा लावल्यात ते बघत असतो. कशाचंच काही वाटत नाही, गुरुजी. एवढं एकदा वाटावं, बस.”

हे त्यांनी घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. वैजयंतीबाईंना ते कळत नव्हतं असं नाही. त्या शेजारीपाजारी म्हणायच्या, ह्यांना हातातला घास गिळायच्या आधीच पुढचा दिसतो.

गुरुजी उठले. आतून एक पानांचा गोळा घेऊन आले, मुठीएवढा. ओली हिरवी पानं एकमेकांना शिवलेली. कुठे दोरा नाही, टाचणी नाही. आतून बारीक सळसळ ऐकू येत होती.

“हे घर मुंग्यांनी शिवलं?” डेहणकरांनी विचारलं.

गुरुजींनी शिवणीतल्या एका फटीशी काडी धरली. काडीवर एक चढली, तांबडी, उन्हात धरली तर आरपार दिसावी अशी.

“ही चावायच्या आत आपण चावायचं असतं,” ते म्हणाले. “आमच्यात लहान पोरांनाही ठाऊक आहे.”

डेहणकर हसले. एवढं काय, विंचू खाल्लेला माणूस. त्यांनी जीभ बाहेर काढली. गुरुजींनी काडी टेकवली.

डेहणकर तोंड मिटणार, तोच गुरुजींनी त्यांची हनुवटी दोन बोटांत धरली. घसा बघताना पोराची धरतात तशी. मिटू दिली नाही.

...

मुंगी जिभेच्या टोकावर उभी राहिली. डोळे तिरके करून डेहणकर बघत राहिले. सहाही पाय त्यांना वेगवेगळे कळत होते. समोर एवढी थोरली गुहा, आत दात, वरून गरम वारा. तीळभर डोक्याची ती, पण पळाली नाही. मिशा खाली टेकवल्या. इथे जरा, तिथे जरा. बाई कापड चाचपून बघते तशी, सावकाश. तिला घाई नव्हतीच कसली.

बाजूच्या टेबलावरचे लोक मान वळवून बघत होते.

मग ती चावली.

डेहणकरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गुरुजींनी काडी पुढे केली. ती काडीवर चढली, पानावर उतरली, आणि एवढ्या मोठ्या माणसाकडे पाठ करून शिवणीतल्या फटीतून आपल्या घरात गेली.

गुरुजींनी हनुवटी सोडली. तोंड तरी उघडंच.

...

“चावली,” डेहणकर म्हणाले. जीभ जड झाली होती, आवाज लहान मुलासारखा. नजर त्या फटीवरून हलत नव्हती. “चावली आणि... निघून गेली, गुरुजी.”

गुरुजी त्यांच्याजवळ सरकून बसले. एखाद्याला घरची खुशाली विचारावी तसं त्यांनी विचारलं,

“मग? कसे लागलात तिला?”