घरचं नाव

“आणि तो मंत्र घेतला की झोप लागेल?”

नाना गोसावी देवळाच्या पडवीत बसून खराट्यासाठी माडाच्या झावळीचे हीर सोलत होते. हातातला हीर सुरीनं साफ करून त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

विचारणारा ताठ बसला होता. दुपारपासून बसला होता, तरी पाठ खांबाला टेकली नव्हती.

जगन्नाथ कुबल त्याचं नाव. पण वाघबंदरात त्याला सगळे मास्टर चीफच म्हणत. नौदलात खलाशी म्हणून शिरलेला माणूस अधिकारी न होता जितका वर चढू शकतो, तितका तो चढला होता. मिसरूड फुटायच्या आधी गेला आणि केस पिकल्यावर परत आला. जहाजावर कप्तान असतो, त्याच्या हाताखाली अधिकारी असतात. पण दोरखंडाला कोणती माणसं लावायची, कुणाचं भांडण कुठं मिटवायचं, कोणत्या पोराला आज पहाऱ्यावर ठेवायचं नाही, हे सगळं मास्टर चीफच्या डोक्यात. कप्तान येत आणि बदलून जात. पोरं म्हणत, जहाज सरकारचं, पण घर मास्टर चीफचं.

आता निवृत्त होऊन गावी आल्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्याला झोप येत नव्हती.

तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी डोळे मिटत, पण अंग जागंच राही. सकाळी उठला की रात्रभर होडी वल्हवल्यासारखे खांदे दुखत. विहिरीपर्यंत जाऊन आला तरी बसावंसं वाटे. एवढ्या नोकरीत तो कधी थकला नव्हता. निदान तसं कुणाला दिसलं नव्हतं. आता करायला काही उरलं नाही, आणि थकवा मात्र उतरत नाही…

शेवटी त्यानं ठरवून टाकलं. घर बंद करायचं, किल्ली भावाकडे द्यायची आणि खाडीच्या तोंडावरच्या या महादेवापाशी, नानांच्या संगतीत येऊन राहायचं. अनुग्रह घ्यायचा. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर बदली झाली, असं सांगावं तसं त्यानं ते नानांना सांगितलं.

नाना मूळचे घाटावरचे. फिरत फिरत कधीतरी इथं आले आणि राहिले. त्यांच्याकडे गंडा नाही, दोरा नाही, अंगारा नाही. लोक येऊन बसत, बोलत आणि उठून जात.

“नियम सांगा,” जगन्नाथ म्हणाला. “पहाटे उठणं, उपास, मौन… काय असेल ते. मला जड जाणार नाही.”

“ते दिसतंच आहे,” नाना म्हणाले.

“मग?”

नानांनी हिराचं टोक छाटलं.

“घरी कोण असतं?”

“कुणी नाही. मुलगी नाशकात असते. तिचं तिचं बरं चाललंय.”

हे खरंच होतं. फक्त गणपतीत काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. मुलगी चार दिवस राहायला आली होती. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, बाबा, तुम्ही आल्यापासून आईचं नाव एकदाही घेतलं नाहीत. जगन्नाथ ऐकून घेऊन उठला आणि विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला गेला. पंप बिघडलेला नव्हता. तेव्हापासून तिचा फोन येई तो जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, एवढाच.

“बायको?”

“वारली. सहा वर्षं झाली.”

भरती किती वाजता लागेल, असं विचारल्यावर सांगावं तशा आवाजात त्यानं सांगितलं.

“तेव्हा कुठं होतात?”

“समुद्रावर.”

मग जगन्नाथनं सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. उलट ती गोष्ट तो कुणी विचारली तर सांगत असे, आणि ऐकणारे माना डोलवत.

जहाज तेव्हा एडनच्या आखातात होतं, चाचे मालवाहू बोटींवर चाल करत त्या दिवसांत. सकाळी डेकवर कवायत चालू होती. कप्तानानं त्याला केबिनमध्ये बोलावलं. तो गेला तेव्हा कप्तान उभाच होता, हातात बिनतारी खोलीतून आलेला कागद. वयानं जगन्नाथपेक्षा बराच लहान. “मास्टर चीफ, आय ॲम व्हेरी सॉरी टू इन्फॉर्म यू…” एवढं म्हणाला आणि पुढं त्याला बोलता येईना. कप्तानाच्या बायकोला त्या वेळी दिवस गेले होते, हे जगन्नाथला माहीत होतं. जहाजावर कुणाच्या घरी काय आहे, हे त्याला माहीत असायचंच.

त्यानं कप्तानाच्या हातातला कागद घेतला आणि वाचला. ताप डोक्यात गेला होता, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. कागदाची घडी करून त्यानं खिशात ठेवली. मग कप्तानाला म्हणाला, सर, तुम्ही बसा. आणि पाण्याचा ग्लास भरून त्याच्यासमोर ठेवला.

“आणि नंतर?” नानांनी विचारलं.

“नंतर काय? कवायत अर्धी राहिली होती. ती पुरी केली.”

जहाज बंदराला लागून तो घरी पोचेपर्यंत दिवसकार्य उरकून गेलं होतं. अग्नी भावानं दिला होता. घर सारवून स्वच्छ होतं, भांडी घासून पालथी घातलेली. आलेगेले म्हणाले, माणूस धीराचा. रजा संपायच्या आधीच तो परत गेला. पुढं त्याच वर्षी त्याच्या छातीवर आणखी एक पदक लागलं.

“कप्तानाला सांगता आलं नाही, त्याचा राग आला?”

“छे. राग कसला? त्याला सवय नव्हती. ते काम माझं.”

“कोणतं?”

“घरची बातमी सांगायचं. कुणाचे वडील गेले, कुणाची आई गेली. मोठे साहेब म्हणत, मास्टर चीफ, तुम्हीच सांगा. मग मी सांगायचो. सगळ्यांना मीच सांगायचो.”

नानांनी सुरी खाली ठेवली.

“कसं सांगायचात?”

हा प्रश्न जगन्नाथला आजवर कुणी विचारला नव्हता. तो जरा सरसावून बसला. दुपारपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडी हालचाल दिसली. त्यानं सांगितलं, की नव्यानं हे काम अंगावर आलं तेव्हा तो चुकीचं करायचा. घरी तब्येत जास्त आहे, एवढंच सांगून पोराला पाठवून द्यायचा. असा एक पोरगा तीन गाड्या बदलून गावी गेला, वाटेत वडिलांसाठी पेढे घेतले, आणि दारात पोचला तर अंगणात चुलते डोकी भादरून बसलेले. तो परत आला तेव्हा काही बोलला नाही. पण तेव्हापासून जगन्नाथनं ठरवलं, जे आहे ते सरळ सांगायचं.

पोराला जहाजाच्या मागच्या टोकाला न्यायचं, जिथं वर्दळ नसते. आपली टोपी काढायची. त्याच्यासमोर उभं राहायचं नाही, शेजारी बसायचं, दोघांची तोंडं पाण्याकडे. पाठीवर हात ठेवायचा, कारण बसलेला माणूससुद्धा कोसळतो. हुद्द्यानं किंवा आडनावानं नाही, घरच्या नावानं हाक मारायची. ते नाव आधी त्याच्या दोस्ताकडून काढून घ्यायचं. आणि मग एका वाक्यात सांगायचं. लांबण लावायची नाही.

“पोरांना ते कळून चुकलं होतं,” जगन्नाथ म्हणाला. “मी घरच्या नावानं हाक मारली की पोरगा अर्धा तिथंच खचायचा.”

“मग काय विचारायचे?”

“पहिल्यांदा, कधी? सगळे तेच विचारतात. त्या विचारण्याला काही अर्थ नसतो. पण तेच विचारतात.”

“आणि तुम्ही?”

“मी बसून राहायचो. त्याची पहाऱ्याची पाळी असली तर त्या दिवशी ती मी करायचो.”

खाली खाडीत ओहोटी लागली होती. चिखलात रुतलेली एक होडी एका अंगावर कलली होती.

“तुमच्या घरचं नाव काय?” नानांनी विचारलं.

“माझं? …जगू. आई म्हणायची. बायको पण म्हणायची, कुणी ऐकत नसलं की.”

“तिचं?”

त्यानं सदऱ्याचं बटण चाचपलं.

“सरोज.”

नाना उठले. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत उठले. मांडीवरची हिराची साल झटकली. पडवी ओलांडून ते जगन्नाथच्या शेजारी येऊन बसले, खाडीकडे तोंड करून. डोक्याचं भगवं फडकं सोडून मांडीवर ठेवलं. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“जगू,” ते म्हणाले. “सरोज गेली.”

जगन्नाथनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. नाना पाण्याकडे पाहत होते.

“नाना, मला ठाऊक आहे ते.”

देवळासमोरच्या पारावर आणखी एक कावळा येऊन बसला.

“सहा वर्षं झाली. मला ठाऊक आहे.”

हात पाठीवरच होता. म्हाताऱ्याचा हात, पण जड.

“ठाऊक आहे मला…” तो तिसऱ्यांदा म्हणाला, आणि वाक्य मध्येच अडकलं. मांडीवरच्या मुठी उघडल्या, मिटल्या. पाण्याकडे पाहत राहिला. आणि बऱ्याच वेळानं, अगदी हळू, त्यानं विचारलं,

“कधी?”

नाना नुसते बसून राहिले.

जगन्नाथची पाठ वाकली. आधी नुसते खांदे हलत होते. मग आवाज फुटला, आणि त्या आवाजानं पारावरची कावळ्यांची रांग उडाली. तो स्वतःच दचकला, तोंडावर हात घेतला, पण ते थांबण्यातलं नव्हतं. नाना हलले नाहीत. शांत हो म्हणाले नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही. फक्त ठेवला होता.

पुष्कळ वेळानं जगन्नाथ बोलायला लागला. नानांना सांगत होता की आणखी कुणाला, कळत नव्हतं. तो रजेवर आला की सरोज पहिले दोन-तीन दिवस त्याला पाहुण्यासारखं वागवी. पदर सावरून बोलायची, ताटात आग्रह करून वाढायची, त्याचे बूट पुसून ठेवायची. त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. मग एखाद्या सकाळी ओला टॉवेल खाटेवर टाकला म्हणून किंवा सांगितलेलं खोबरं आणायला विसरला म्हणून ती त्याच्यावर खेकसायची. पहिल्यांदा खेकसली की त्याला वाटायचं, आता आलो घरी. तेवढ्यासाठी कधी कधी तो मुद्दाम टॉवेल टाकायचा.

ती गेल्यावर आला होता, तेव्हाही टाकला होता. दिवसभर तसाच पडून होता…

“मग मी उचलला,” जगन्नाथ म्हणाला.



तो बोलत राहिला. लग्नात तिच्या मुंडावळ्या सुटल्या होत्या. मुलीच्या जन्माच्या वेळी तो मुंबईत गोदीत होता आणि पत्ता लागला नाही म्हणून ती रुसली होती. फोनवर ती नेहमी बागेचंच बोलायची, कलमाला मोहोर आला, नारळ उतरवले. कारण दुसरं काही बोलायला घेतलं की तिचा आवाज जायचा. तो म्हणायचा, सरोज, मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही. ऐकू येत असायचं.

ऊन उतरलं. आगरातून कुणीतरी गुरं हाकत गेलं. जगन्नाथचं बोलणं हळूहळू सुटं होत गेलं आणि थांबलं. मग त्याला जांभई आली. मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. त्यानं ओशाळून नानांकडे पाहिलं.

“दिवा लावायला हवा,” नाना म्हणाले आणि उठून आत गेले.

जगन्नाथ देवळाच्या विहिरीवर गेला. पोहरा काढला, तोंड धुतलं, पायांवर पाणी घेतलं. चालताना पाय जड होते, पण ते दुखणं आता निराळं होतं. दिवसभर मातीत काम केल्यावरचं. देवळात समई लागली तशी तो पायरी चढला, चपला बाजूला काढल्या आणि उंबऱ्याशी आला. घंटेसाठी हात वर केला.

नाना वळले. त्यांनी हात आडवा धरला.

त्या देवळात नानांनी आजवर कुणाला अडवलं नव्हतं. कोळणी मासळीच्या पाट्या पायरीवर ठेवून तशाच आत येत. खाडीपलीकडचे दालदी मुसलमान पीराला जाता जाता इथंही डोकं टेकून जात. एखादा झोकांड्या खात येई, आणि नाना त्यालाही प्रसाद देत.

“काय झालं, नाना?”

“आत येऊ नकोस, जगू,” नाना म्हणाले. “तुला सुतक आहे.”