न सांगितलेला धोका

एकदा एक तरुण डॉक्टर मनोविकारांचे शिक्षण पूर्ण करून, प्रत्यक्ष उपचार शिकण्यासाठी एका वृद्ध डॉक्टरांकडे आला. त्याचे नाव हेरंब. वृद्ध डॉक्टरांनी चाळीस वर्षे एका छोट्या गावात मनोरुग्णांची सेवा केली होती.

वृद्ध डॉक्टर परगावी गेलेले असताना घोंगडी विणणारा बिराप्पा दवाखान्यात आला. त्याला सतत कुणाचे तरी आवाज ऐकू येत. जेवणात विष कालवले आहे अशा संशयाने त्याचे अन्न तुटले होते. माग सहा महिने बंद होता. हेरंबने तपासून गोळ्या लिहून दिल्या. बिराप्पाची बायको जनाक्का हिने भीत भीत विचारले, "ह्या गोळ्यांचा काई तरास न्हाई ना व्हनार?"

हेरंबला ठाऊक होते की या गोळ्यांनी भूक आणि वजन वाढू शकते, काहींना मधुमेहही होतो. पण हे सांगितले तर बाई नवऱ्याला घेऊन तशीच परत जाईल, असे त्याला वाटले. तो म्हणाला, "काही होत नाही. निर्धास्त राहा."

दोन महिन्यांत आवाज थांबले. माग सुरू झाला. पूर्वी घासाला न शिवणारा बिराप्पा चार-चार भाकरी खाऊ लागला, अंगाने सुटला. जनाक्काला त्याचाच आनंद. तो तांब्यामागून तांब्या पाणी पितो, वारंवार लघवीला जातो, याकडे तिचे लक्ष गेले नाही. हेरंबनेही कधी विचारले नाही.

पाचव्या महिन्यात जनाक्का नवऱ्याला हाताला धरून आली. या वेळी वृद्ध डॉक्टर दवाखान्यात होते.

"गावात तपासनी झाली. ह्यांची साखर तीनशेच्या वर. त्या गोळ्यांनीच झालं, तपासनारे म्हनाले. ह्या डाक्टरांनी तर काई होत न्हाई म्हनून सांगितलं हुतं. ह्यांनी सगळ्या गोळ्या चुलीत घातल्या. आठ दिवसांत आवाज परत आले. विनत आनलेलं घोंगडं ह्यांनी मागावरच कापलं आन् घर सोडून गेले. तीन दिवसांनी सापडले."

हेरंब घाईने म्हणाला, "बाई, साखर फक्त गोळ्यांनी होत नाही. घराण्यात कुणाला असेल, खाण्यापिण्यानेही..."

वृद्ध डॉक्टर उठले. टेबलामागून बाहेर येऊन बिराप्पाशेजारी बाकावर बसले आणि त्यांनी त्याला हात जोडले. "बिराप्पा, चूक आमची झाली. हा धोका आम्हाला माहीत होता. तुम्हाला सांगितला नाही. रक्तही तपासले नाही."

मग त्यांनी सगळे शांतपणे समजावले. साखरेसाठी औषध दिले. आवाजांसाठी, साखरेला कमी त्रास देणारी दुसरी गोळी सुचवली. तिचेही धोके सांगितले. बिराप्पाचे वजन केले, टेप लावून पोटाचा घेर मोजला, आणि रक्त पुन्हा कधी तपासायचे ते कागदावर लिहून दिले. "गोळी बंद करावीशी वाटली तर आधी इथे या. आपण मिळून ठरवू. घ्याल?"

बिराप्पाने तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "आता समदं सांगितलंसा. घेतो."

ती दोघे गेल्यावर हेरंबने विचारले, "सर, त्या दिवशी तुम्ही इथे नव्हता. मग माफी तुम्ही का मागितली? आणि मी खरे सांगितले असते तर त्यांनी गोळ्या घेतल्याच नसत्या!"

"कदाचित नसत्या घेतल्या," वृद्ध डॉक्टर म्हणाले. "ती शक्यता आपल्याला सोसावीच लागते. तू खोटे बोललास ते दयेपोटी, हे मी जाणतो. पण साखर व्हायची ती झालीच, आणि बातमी परक्याच्या तोंडून आली. त्या क्षणी त्या माणसाला दोन गोष्टी कळल्या. गोळीत धोका आहे, आणि डॉक्टरने तो लपवला. पहिल्या गोष्टीवर उपाय होता. वजन पाहता आले असते, रक्त तपासता आले असते, गोळी बदलता आली असती. दुसऱ्या गोष्टीने मात्र गोळ्या चुलीत गेल्या. माफी मी मागितली, कारण दवाखाना माझा आहे. त्याचा विश्वास आपल्या दोघांवर होता."



तीन महिन्यांनी बिराप्पाची साखर बरीच उतरली. आवाज अधूनमधून येत, पण तो मागावर बसू लागला होता.

हेरंबने मात्र इतके दिवस वाट पाहिली नाही. वृद्ध डॉक्टरांनी माफी मागितली त्याच संध्याकाळी त्याने रुग्णांचे सगळे कागद काढले. तशाच गोळ्या दिलेले आणि काहीच न सांगितलेले आणखी अकरा जण निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तो त्यातल्या पहिल्याच्या गावी पोहोचला. दार उघडणाऱ्या म्हातारीने घाबरून विचारले, "काय झालं, डॉक्टरसाहेब?"

"काही वाईट झालेलं नाही, आजी," हेरंब म्हणाला. "तुमच्या लेकाला एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहिली होती. जरा बसू का?"