चहाचे मिंधेपण

एकदा एका मराठी विद्यार्थ्याला दूरदेशीच्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली आणि सोबत प्रबंधाचा विषयही दिला. त्या शहरात शतकानुशतके भरत आलेला, दगडी छताखालचा एक जुना बाजार होता. तिथला व्यापार कसा चालतो, हे दुकानदारांना विचारून लिहायचे होते.

विद्यार्थी सालस होता, अभ्यासू होता. माणसाने कुणाचे मिंधे राहू नये, ही घरची शिकवण त्याने विमानातून सांभाळून आणली होती. त्यामुळे बाजारात कुणी चहाचा पेला पुढे केला की तो छातीवर हात ठेवून म्हणे, “नको, नको, आत्ताच झाला.” झालेला नसेच. मग तो प्रश्नावली काढी. दुकानदार गोड हसत आणि पाठ फिरवून मालावरची धूळ झटकू लागत. त्या बाजाराइतका स्वच्छ माल त्या हिवाळ्यात अन्यत्र कुठे नसेल.

किराणा मात्र तो मॉलमधून आणी. सरकत्या जिन्याने वर जावे, हवे ते उचलावे, यंत्रासमोर धरावे आणि बाहेर पडावे. नाव कुणी विचारत नाही, गाव कुणी विचारत नाही. दही आणायला गेलेला माणूस तिथून दही घेऊनच परततो, ही गोष्ट काही लहान नव्हे.

हिवाळा सरला तरी प्रबंधाचे पान कोरेच राहिले. उन्हाळ्यापूर्वी एक तरी प्रकरण हाती आले नाही तर शिष्यवृत्ती बंद होईल आणि परत जावे लागेल, असे विद्यापीठाने बजावले. विद्यार्थ्याची झोप उडाली.

त्याचे मार्गदर्शक वृद्ध प्राध्यापक होते. मूळचे मिरजेचे, पण त्या शहरात केस पिकवलेले. शिष्याचे रडगाणे त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “उद्या सकाळी माझ्याबरोबर बाजारात चल. आणि हे बघ, नाश्ता करून येऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक पहिल्याच भांड्यांच्या दुकानात ऐसपैस बसले. चहा आला, त्यांनी घेतला. दुकानदाराच्या पाठदुखीची चौकशी झाली, सुनेची निंदा झाली, आणि ते उठले. पुढे चीजवाल्याने तुकडा दिला, तो खाल्ला. खजूरवाल्याने मूठभर खजूर दिले, तेही खाल्ले. वर पुन्हा चहा. विकत मात्र काहीही घेतले नाही.

शिष्य लाजेने अर्धा झाला. “सर, निदान एखादी वस्तू तरी घेऊ या. लोक काय म्हणतील?”

“काय म्हणणार? म्हातारा येऊन गेला म्हणतील.”

आणि परतताना प्राध्यापक मॉलमध्ये शिरले. तिथे त्यांनी तेल, साखर, आणि चक्क खजूरही घेतले! आता मात्र शिष्याला राहवेना.

“सर, राग मानू नका. चहा त्यांचा प्यायचा आणि खरेदी इथे करायची? आमच्या घरी याला...”

“फुकटेपणा म्हणतात. म्हण की, अडखळतोस कशाला?” पिशवी शिष्याच्या हाती देत प्राध्यापक म्हणाले, “अरे, मॉल ही माणसाने केलेली फार सुरेख सोय आहे. पैसे दिले, व्यवहार मिटला. त्याने मला विसरावे, मी त्याला विसरावे. गुडघे दुखत असले की मला तेवढेच हवे असते. तो बाजार मात्र व्यवहार मिटू देत नाही. त्या भांडीवाल्याकडून मी कधीतरी एक पातेले घेतले होते, पुढे कधीतरी झाकण घेईन. मधल्या काळात आम्ही एकमेकांचे कुणीतरी लागतो, ते त्या चहामुळे. तू ‘नको’ म्हणतोस तेव्हा तुला वाटते, आपण त्याचा खर्च वाचवला. त्याला ऐकू येते, की याला आपला संबंध नको. संबंध नको म्हणणाऱ्याला तू तरी घरातली गोष्ट सांगशील का? घरची शिकवण वाईट नाही रे. पण कुणाचा मिंधा न होण्याच्या नादात तू इथे कुणाचा कुणीच झाला नाहीस.”

दुसऱ्या दिवशी शिष्य एकटाच साबणाच्या एका दुकानात गेला. चहा पुढे आला. त्याने सवयीने उचललेला हात छातीकडे न नेता पेल्याकडे नेला. चहा भलताच कडक होता. व्यापाऱ्याने विचारले, आई काय करते? बहिणी किती? लग्न का नाही केलेस? शिष्याने मोडक्यातोडक्या भाषेत सगळे सांगितले. मग व्यापारी सुरू झाला. उधार कुणाला द्यावे, भाव कधी धरून ठेवावा, शेजाऱ्याचे गिऱ्हाईक का तोडू नये! एका प्रकरणाला पुरून उरेल इतके ऐकून शिष्य थक्क झाला. इतकी वर्षे हा बाजार कशावर उभा आहे, ते त्याला प्रथमच दिसत होते.

दुपारी व्यापारी प्रार्थनेला निघाला. “जरा बस, दुकान बघ,” म्हणाला आणि गेलासुद्धा.

एवढ्यात एक परका तरुण साबणाच्या वड्या न्याहाळत दाराशी आला. शिष्याने लगबगीने पेला भरला आणि पुढे केला.

“नको, आभारी आहे,” तरुण नम्रपणे म्हणाला. “तुम्हाला उगीच त्रास कशाला?”

शिष्याने भरलेला पेला मागे घेतला नाही. मग त्याने शेजारचे स्टूल पुढे सरकवले आणि म्हणाला, “त्रास कसला? बसा तर खरे.”